मास्तर बदलला की निकाल सुधारतो का?

मी आणि फुटबॉलवर लेख? नात्यातली मंडळी हसणार हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे. हसा. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, मैदानावर गेले ती कवायतीच्या तासाला शिट्टी वाजवण्यापुरती. पण गेली वीस-बावीस वर्षं लेकीकडे अमेरिकेत येऊन-जाऊन एका कॉलेजच्या फुटबॉल संघाची जी परवड पाहिली, आणि त्या संघापायी आमच्या जावयांचा जीव जो खालीवर होताना पाहिला, त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. ते खेळाबद्दल नाहीच म्हणा ना! ते संस्था कशी चालवावी याबद्दल आहे. आणि संस्था कशा चालतात हे आम्हा मास्तरलोकांइतकं जवळून कोण पाहतं?

मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांची सोय होईल. संघ हरत राहिला की चाहते प्रशिक्षकाच्या नावाने बोटं मोडतात. वर बसलेले लोक त्याला काढतात, नवा आणतात, चाहते पुन्हा आशेला लागतात. पण त्या प्रशिक्षकाला निवडलं कोणी, काय पाहून निवडलं, आणि निवड फसली तेव्हा निवडणाऱ्याला जाब कोणी विचारला, हे प्रश्न कोणी शेवटपर्यंत लावून धरत नाही. राग खरा आहे हो, पण तो चुकीच्या पत्त्यावर जातो.

आता सविस्तर.

लेक राहते लिंकनला. नेब्रास्का राज्याची राजधानी. नकाशात अमेरिकेच्या अगदी मधोमध बोट ठेवलंत की साधारण तिथेच. जिकडे पाहावं तिकडे मका, सोयाबीन आणि गुरं. सगळ्या राज्याची लोकसंख्या 20 लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याहून कमी. राज्यात व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. जे काही प्रेम आहे ते सगळं एका विद्यापीठाच्या संघावर. संघाचं नाव ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे! मला हे नाव फार आवडलं. वाघ-सिंह-गरुड सोडून शेतकऱ्याच्या कामाचं नाव लावणारा संघ.

त्यांचं मेमोरियल स्टेडियम 1923 सालचं. आज त्यात 85 हजारांवर माणसं मावतात. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांनंतर राज्यातलं तिसरं मोठं ‘गाव’ म्हणजे ते स्टेडियम, असं तिथे कौतुकाने सांगतात, आणि हिशेब केला तर ते खरंही आहे. 1962 पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं खपत आली आहेत. सगळीकडे लाल कपडे. म्हातारे-कोतारे, कडेवरची पोरं, सगळे. आणखी एक गोष्ट सांगते जी मला भावली. पाहुणा संघ जिंकून मैदानाबाहेर निघाला की हे लोक उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. हरल्यावर टाळ्या वाजवणं सोपं नसतं.

खेळ आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे. हा हातात घेऊन पळायचा, लांबट चेंडूचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांकडे. कबड्डीची झोंबाझोंबी आणि बुद्धिबळाचे डाव यांची भेळ समजा. एवढं पुरे.

आमचे जावई 1995 साली एम.एस. करायला लिंकनला गेले. त्या वर्षी संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. 1994 सालीही विजेता होता, 1997 साली पुन्हा झाला. म्हणजे पुण्याहून गेलेल्या ह्या मुलाला पहिल्या तीन वर्षांत असं वाटलं की हा संघ जिंकतो, जसा सूर्य उगवतो. मग शिक्षण संपलं, नोकरी तिथेच लागली, आणि सूर्य उगवायचा थांबला! तेव्हापासून दर शनिवारी दिवाणखान्यात लाल टी-शर्ट घालून बसतात आणि संध्याकाळी न बोलता पानावर येतात. लेक म्हणते, "आई, आज भाजीला मीठ कमी पडलं तरी कुणाला कळणार नाही."

त्या सोन्याच्या दिवसांचे प्रशिक्षक टॉम ऑस्बॉर्न. 1973 ते 1997 अशी 25 वर्षं. 255 विजय. आणि एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत. हा नऊचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पण मला त्यांच्याबद्दल जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. ओक्लाहोमा हा त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी. ऑस्बॉर्न पहिली पाच वर्षं सलग ओक्लाहोमाकडून हरले. सहाव्या वर्षी, 1978 साली, पहिल्यांदा जिंकले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं 1994 साली, म्हणजे बाविसाव्या हंगामात! एकवीस वर्षं त्या माणसाला ‘चांगला आहे, पण मोठा सामना जिंकत नाही’ हे ऐकावं लागलं. तरी तो टिकला. का टिकला? कारण त्याच्यावर क्रीडा विभागाचे प्रमुख होते बॉब डेव्हनी. हे स्वतः 1970 आणि 1971 साली संघाला विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक. 1993 पर्यंत ते त्या खुर्चीत होते. त्यांना काम कळत होतं. समोरचा माणूस हरला तरी त्याचं काम बरोबर चाललंय की नाही, हे त्यांना आकड्यांपलीकडे वाचता येत होतं.

सगळी मेख इथे आहे असं मला वाटतं.

ऑस्बॉर्ननंतर त्यांचेच सहकारी फ्रँक सॉलिच आले. सहा वर्षांत 58 विजय, 19 पराभव. 2001 च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत मजल. 2002 साल वाईट गेलं, सात विजय आणि सात पराभव. 2003 साली पुन्हा सावरले, नऊ विजय आणि तीन पराभव. आणि त्याच नोव्हेंबरात, शेवटचा सामना जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना काढून टाकलं! मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी रजा काढून तिथेच होते. घरात बाळाचं कौतुक चाललेलं आणि जावई टीव्हीसमोर सुन्न. मी विचारलं, "नऊ जिंकून काढतात?" ते म्हणाले, "आई, आम्हाला नऊ पुरत नाहीत." तेव्हा ‘आम्हाला’ म्हणाले होते. माझ्या लक्षात राहिलं आहे.

काढणारे होते क्रीडा विभागाचे तेव्हाचे नवे प्रमुख स्टीव्ह पीडरसन. संघाला सुमारपणाकडे घसरू देणार नाही, अशी त्यांची भूमिका. ऐकायला छान. पण पुढे काय झालं? महिनाभराहून जास्त शोधाशोध करून बिल कॅलाहन यांना आणलं, व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक. त्यांनी नेब्रास्काची धावत खेळण्याची जुनी पद्धत मोडून फेकाफेकीची पद्धत आणली. 2004 साली पाच विजय, सहा पराभव. 1961 नंतर पहिल्यांदाच हरण्याची बाजू जड. 35 वर्षं सलग हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात खेळणारा संघ त्या वर्षी घरी बसला. 2007 च्या सप्टेंबरात पीडरसन यांनी कॅलाहन यांचा करार वाढवून दिला, ऑक्टोबरात पीडरसन यांनाच जावं लागलं, नोव्हेंबरात कॅलाहन गेले. वाढवलेल्या कराराचे पैसे द्यायचे राहिले विद्यापीठाने.

आणि सॉलिच? ते ओहायो राज्यातल्या एका छोट्या विद्यापीठात गेले. तिथे 16 हंगाम राहिले, 115 विजय मिळवले, त्या कॉलेजला मानाच्या सामन्यातला पहिला विजय मिळवून दिला, आणि 2021 साली सन्मानाने निवृत्त झाले. म्हणजे माणूस चालणारा होता. पारखणारे चुकले.

बरं, एकदा चुकलं तर माणूस शिकतो. पण 2014 साली पुन्हा तेच! बो पेलिनी नावाचे प्रशिक्षक सात वर्षं होते. दरवर्षी नऊ किंवा दहा विजय. रागीट, तोंडाळ माणूस. चाहत्यांबद्दल काढलेल्या शिव्यांची ध्वनिफीत बाहेर आली होती, त्यामुळे वरच्यांशीही पटत नव्हतं. मोठे सामने हरायचे हेही खरं. 2014 च्या नोव्हेंबरात त्यांना काढलं तेव्हा त्या हंगामातले आकडे होते नऊ विजय, तीन पराभव. सॉलिच यांचेच आकडे! अकरा वर्षांनी त्याच उत्तरपत्रिकेला तेच गुण. त्यांच्या जागी आणले माइक रायली, ज्यांचा आधीचा संघ त्याच वर्षी पाच जिंकून सात हरला होता. अत्यंत सज्जन, मृदू माणूस. तीन वर्षांत 19 विजय, 19 पराभव, आणि घरी.

2014 नंतर नेब्रास्काने नऊ विजयांचा हंगाम पाहिला तो एकदाच, 2016 साली. ज्यांना नऊ पुरत नव्हते त्यांना आता नऊ म्हणजे दिवाळी.

आता माझं निरीक्षण ऐका. सॉलिच घरचे आणि जुन्या पद्धतीचे, म्हणून आणले कॅलाहन, बाहेरचे आणि नव्या पद्धतीचे. कॅलाहन यांच्या काळात बचाव ढासळला, म्हणून आणले पेलिनी, बचावातले तज्ज्ञ. पेलिनी तापट, म्हणून आणले रायली, शांत. रायली परके वाटले, म्हणून आणले स्कॉट फ्रॉस्ट, 1997 च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, नेब्रास्काचाच मुलगा. प्रत्येक निवड ही आधीच्या माणसाच्या दोषाला दिलेलं उत्तर होती. आपल्याला पुढे काय हवंय, हा प्रश्न कुणी विचारल्याचं दिसत नाही. एक स्थळ तापट निघालं म्हणून दुसऱ्या मुलीसाठी फक्त शांत मुलगा बघायचा, बाकी शिक्षण-नोकरी-घर काही विचारायचं नाही, असा हा प्रकार!

मी ज्या संस्थेत नोकरी केली तिचं नाव घेत नाही, पण तिथेही हे पाहिलं आहे. दहावीचा गणिताचा निकाल घसरला की जूनमध्ये दहावीचं गणित एका सरांकडून काढून दुसऱ्या सरांकडे. आधीचे मारकुटे म्हणून नवे प्रेमळ. पुढल्या वर्षी पुन्हा घसरला की पुन्हा मारकुटे. पाचवी ते आठवीत त्या पोरांना अपूर्णांक कोणी शिकवले, वर्गात मुलं किती कोंबली, अर्धवेळ शिक्षकावर किती तास भागवले, हे संचालकांच्या सभेत कधी निघालंच नाही. कारण ते निघालं असतं तर बोट संचालकांकडे वळलं असतं. मास्तर बदलणं सोपं. त्याने काहीतरी केल्यासारखं दिसतं.

तर फ्रॉस्ट. त्यांच्यावर जावयांचा फार जीव. ते ज्या मैदानावर खेळले तिथे जावई विद्यार्थी म्हणून बसलेले, म्हणजे जवळजवळ वर्गमित्रच म्हणा. 2017 च्या डिसेंबरात सात वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलरचा करार झाला. 2018 साली चार विजय. 2019 साली पाच, आणि तो हंगाम चालू असतानाच करार दोन वर्षांनी वाढवला! कशासाठी? कोणी त्यांना पळवत होतं असंही नव्हतं. 2021 साली तीन विजय आणि नऊ पराभव, त्यातला प्रत्येक पराभव दहा गुणांच्या आतला. प्रत्येक वेळी जवळ जाऊन हरायचं. जावई म्हणायचे, "आई, यापेक्षा चाळीस गुणांनी हरलेलं परवडतं."

2022 च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडला डब्लिनमध्ये सामना होता. नेब्रास्का 28-17 असा पुढे. आणि फ्रॉस्ट यांनी अचानक एक धाडसी, आखूड किक मारायला लावली, की चेंडू परत आपल्यालाच मिळावा. नाही मिळाला. वारं फिरलं, सामना 31-28 असा गेला. खेळ न कळणाऱ्या मलाही वाटलं की पुढे असताना हा जुगार कशाला? दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्न नावाच्या लहान संघाकडून 45-42 असा पराभव, आणि दुसऱ्या दिवशी, 11 सप्टेंबरला, फ्रॉस्ट यांना निरोप. एकंदर 16 विजय, 31 पराभव. त्यांना काढण्याची भरपाई दीड कोटी डॉलरच्या घरात. आणि 1 ऑक्टोबर उजाडला असता तर तीच रक्कम निम्मी झाली असती! वीस दिवस. आमच्याकडे पगारवाढीची तारीख चुकू नये म्हणून कारकून डोळ्यांत तेल घालून बसायचा. इथे वीस दिवसांत 75 लाख डॉलर गेले.

याला एक उत्तर मिळतं, की हा सरकारी पैसा नाही, क्रीडा विभाग स्वतःच्या कमाईवर चालतो. मान्य. पण ती कमाई येते कुठून? तिकिटं, देणग्या, टीव्हीचे हक्क, लाल टी-शर्ट. म्हणजे शेवटी शनिवारी टीव्हीसमोर सुन्न बसणाऱ्या माणसाच्याच खिशातून ना?

2023 पासून मॅट रूल आहेत. आठ वर्षांचा, 7 कोटी 40 लाख डॉलरचा करार करून आणलेले. त्यांना न्याय दिला पाहिजे. 2023 साली पाच विजय, पण 2024 साली संघ सात वर्षांच्या दुष्काळानंतर पहिल्यांदा मानाच्या सामन्यात पोचला आणि बोस्टन कॉलेजला हरवून जिंकलाही. जावयांनी त्या रात्री इथे फोन करून मला झोपेतून उठवलं! 2025 चा हंगामही बरा चालला होता. तेवढ्यात पेन स्टेट विद्यापीठाने आपला प्रशिक्षक काढला. रूल तिथले माजी विद्यार्थी, ते जाणार अशी कुजबुज झाली, आणि ऑक्टोबर संपता संपता नेब्रास्काने त्यांचा करार 2032 पर्यंत वाढवला. मग? दोनच दिवसांनी यूएससीकडून हार, त्यात मुख्य क्वार्टरबॅकचा पाय मोडला. नोव्हेंबरात पेन स्टेटकडूनच 37-10 असा मार खाल्ला, आयोवाकडून 40-16, आणि वर्षाच्या शेवटी युटाकडून 44-22. सात विजय, सहा पराभव. तो क्वार्टरबॅकही दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला.

रूल चांगले की वाईट, हे मी सांगणार नाही, मला तो अधिकार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. कॅलाहन 2007, फ्रॉस्ट 2019, रूल 2025. तिन्ही वेळा करार वाढवला तो हंगाम चालू असताना, हंगामाचा निकाल हातात येण्याआधी. आणि सॉलिच, पेलिनी यांना काढलं तेव्हा निकाल हातात होता, चांगला होता, तरी काढलं. म्हणजे भीती वाटली की करार वाढवायचा आणि राग आला की हाकलायचं. याला धोरण म्हणत नाहीत.

आम्ही बोर्डाचे पेपर तपासायला जायचो तेव्हा पहिल्या दिवशी नमुना उत्तरं ठरायची. कशाला किती गुण, कुठे अर्धा कापायचा. ते ठरल्याशिवाय एकही गठ्ठा फोडायचा नाही. नंतर तपासलेल्या गठ्ठ्यांतल्या काही उत्तरपत्रिका मॉडरेटर पुन्हा बघायचे, म्हणजे परीक्षकाचीही परीक्षा. नेब्रास्कात गठ्ठे भराभर तपासले गेले, पण नमुना उत्तर कुठे आहे? आणि मॉडरेटर कोण? 2003 पासून क्रीडा विभागाचे सहा प्रमुख झाले. पीडरसन, मग स्वतः ऑस्बॉर्न, मग आयकोर्स्ट, मूस, अल्बर्ट्स, डॅनन. निवडणारा दुसरा, करार वाढवणारा तिसरा, काढणारा चौथा. जबाबदारी कुणाच्याच अंगाला चिकटत नाही. 2024 साली अल्बर्ट्स तर अचानक टेक्सासच्या एका विद्यापीठात निघून गेले.

कुणी म्हणेल, परिस्थितीच बदलली. तेही खरं आहे. 2011 साली नेब्रास्काने जुनी साखळी सोडून ‘बिग टेन’ ह्या दुसऱ्या साखळीत प्रवेश केला, त्यामुळे टेक्सासमधून खेळाडू आणण्याची जुनी वाट अवघड झाली असं जाणकार सांगतात. राज्यात माणसंच कमी, थंडी भयंकर. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, 2025 पासून विद्यापीठंही त्यांना थेट वाटा देऊ लागली. सगळं कबूल. मग मी दुसरं उदाहरण देते, त्याच गावातलं, त्याच विद्यापीठातलं.

मुलींचा व्हॉलीबॉल संघ! तीच थंडी, तोच मका, तेच वरिष्ठ. 1977 पासून तिथे प्रशिक्षक किती झाले माहीत आहे? तीन. टेरी पेटिट 1977 ते 1999. जॉन कुक 2000 ते 2024, चार राष्ट्रीय विजेतेपदं. 2025 च्या जानेवारीत कुक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आल्या डॅनी बुसबूम केली, त्यांचीच विद्यार्थिनी, 2006 च्या विजेत्या संघातली. मधल्या काळात दुसऱ्या विद्यापीठात स्वतःचा संघ उभा करून दाखवलेली. पहिल्याच हंगामात 33 सामने जिंकले, एकच हरला. आणि 2023 च्या 30 ऑगस्टला ह्याच फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जाळं लावून मुलींचा सामना भरवला तेव्हा 92,003 लोक आले होते. मुलींच्या खेळाला जगात कुठेही जमलेल्या गर्दीचा तो विक्रम धरला गेला. लेक आणि नात गेल्या होत्या. नातीने मला तिकडून फोटो पाठवला, त्यात ती कुठे आहे हे शोधायला मला भिंग लागलं.

म्हणजे माणूस पारखणं, त्याला वेळ देणं, वारस तयार करणं हे त्या विद्यापीठाला जमतं! फक्त जिथे पैसा आणि प्रतिष्ठा सगळ्यात जास्त, तिथे जमत नाही. तिथे वरचे लोक काम बघत नाहीत, स्वतःची खुर्ची बघतात.

आता चाहत्यांकडे येते, कारण त्यांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. (जावई हे वाचणार आहेत. वाचा, अहो!)

1962 पासून एकही जागा रिकामी नाही, याचा अभिमान वाटणं समजू शकते. 2024 च्या सप्टेंबरात ओळीने 400 वा ‘हाउसफुल्ल’ सामना झाला, त्यात इलिनॉयकडून जादा वेळेत हरले. मधल्या वाईट वर्षांत उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन ही परंपरा चालू ठेवली गेली. प्रेम मोठं आहे, पण त्याचा परिणाम बघा. दुकानात माल कसाही असो, सगळा खपणारच असं दुकानदाराला माहीत असेल तर तो काय सुधारेल? दर वर्षी पास होणारच हे माहीत असलेला मुलगा कधी अभ्यास करतो का?

म्हणून मी म्हणते का की जाऊ नका? नाही. शाळा वाईट चालली म्हणून आपण मुलं काढून घेतली तर शाळा सुधारत नाही, बंद पडते. आणि मैदानावरच्या वीस वर्षांच्या पोराला शिव्या देणं हा तर उपायच नव्हे. चेंडू त्याच्या हातून सुटतो तेव्हा सगळ्यात वाईट त्यालाच वाटत असतं. मी पस्तीस वर्षं नापास झालेल्या मुलांचे चेहरे पाहिले आहेत.

पण एक गोष्ट करता येते. नेब्रास्का विद्यापीठावर ‘बोर्ड ऑफ रीजंट्स’ असतं, आपल्याकडच्या नियामक मंडळासारखं. त्यातले आठ मतदानाचा अधिकार असलेले सदस्य लोकांनी निवडून दिलेले असतात, राज्याचे आठ विभाग करून. म्हणजे लाल टी-शर्टवाल्यांच्या हातात मत आहे! आपल्याकडे कॉलेजच्या विश्वस्तांना निवडण्यासाठी असं मत मिळालं असतं तर काय बहार झाली असती. मी जावयांना विचारलं, "तुमच्या विभागाचा रीजंट कोण?" ते अमेरिकेचे नागरिक होऊन बरीच वर्षं झाली, मतदान न चुकता करतात. त्यांना राखीव क्वार्टरबॅकचं नाव, गाव, उंची, वजन पाठ. रीजंटचं नाव आठवेना. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आई, तुम्ही निवृत्त झालात हे विद्यार्थ्यांचं नशीब."

विचारायला हवेत ते प्रश्न साधे आहेत. नवा माणूस आणण्याआधी त्याच्याकडून काय हवंय ते लिहून जाहीर करा. किती वर्षं देणार ते सांगा. हंगाम संपेपर्यंत करार वाढवू नका. आणि निवड फसली, पैसे द्यावे लागले, तर ती निवड कोणी केली होती, कोणत्या कारणाने केली होती, ते लोकांसमोर मांडा. एवढं झालं तर उद्या सामने हरले तरी लोक थांबतील. ऑस्बॉर्न यांच्यासाठी थांबले होतेच की, एकवीस वर्षं! चाहते अधीर असतात हे अर्धसत्य आहे. आपण कशासाठी थांबलोय हे कळलं नाही की माणूस अधीर होतो.

शेवटी एकच. या सगळ्या कारभारात प्रशिक्षकाकडे करार आहे, काढलं तर भरपाई आहे. वरच्या प्रमुखाला दुसरं विद्यापीठ आहे. आता खेळाडूलाही संघ बदलता येतो, आणि त्याचं मी स्वागतच करते, कष्ट त्याचे आहेत. बदली मिळत नाही ती फक्त चाहत्याला. तो 1995 साली एकदा लाल टी-शर्ट घालतो आणि मग तो त्याच्या अंगातून निघत नाही. अशा माणसाच्या निष्ठेवर ज्यांचा संसार चालतो, त्यांनी त्याला निदान हिशेब तरी द्यावा. विजय नंतर बघू.

ऑगस्ट संपत आला की नवा हंगाम सुरू होईल. मी त्या सुमारास तिकडेच असेन. भाजीत मीठ बेताचं घालायला लेकीला सांगितलं आहे.